पिक-अप गाडीस मोठे टायर घालावे काय ?

मोटारगाडी विकत घेतांना मनुष्य इंजिनाची शक्ति विचारतो, आसनांचें कातडें हातानें चांचपून पाहतो, रंगाविषयीं घरांतील लहानथोर सर्वांचें मत घेतो. पण गाडी ज्या एकाच वस्तूनें जमिनीस शिवते त्या टायरांविषयीं तो बहुधा कांहींच विचारीत नाहीं. पुढें वर्ष-सहा महिन्यांनीं मात्र एकाएकीं त्याचें लक्ष टायरांकडे जातें, आणि तेंहि त्यांच्या रूपाकडे. पिक-अप गाडीच्या मालकांस ही हौस विशेष असते. दुसऱ्या एखाद्या गाडीचे जाड, खडबडीत, ठोकळेदार टायर पाहिले म्हणजे आपल्या गाडीचे पाय त्यांस बारीक दिसूं लागतात. आणि मग, "एक माप मोठे, ऑल-टेरेन टायर घालूं," असा बेत ठरतो.

ह्या हौसेस नांवें ठेवावीं म्हणून हा लेख लिहिलेला नाहीं. मोठ्या टायरांचे कांहीं लाभ खरे आहेत. पण ते लाभ नेमके कोठून येतात व त्यांची किंमत कोठें कोठें मोजावी लागते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आणि ती सर्व किंमत दुकानदाराच्या पावतीवर लिहिलेली नसते. कांहीं भाग ब्रेकांस द्यावा लागतो, कांहीं गिअरांस, आणि हवेकडे दुर्लक्ष झालें तर एखादे वेळीं गाडींत बसलेल्या माणसांस. आपल्याकडे पिक-अप गाडी भाजीपाला, दुधाचे कॅन, शेळ्यामेंढ्या आणि प्रसंगीं लग्नाचें वऱ्हाडहि वाहते (तें तिनें वाहूं नये हें खरें, पण वाहते). तेव्हां ही गोष्ट नुसत्या शोभेची राहत नाहीं.

टायर ह्या वस्तूचा एक पूर्वज आपल्या गांवांत प्रत्येकानें पाहिलेला आहे. बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी लाल तापवून चढवितो व पाणी ओतून आवळतो, तिला आपण धांव म्हणतों. धांवेचें काम चाक आवळून धरणें व लांकूड झिजूं न देणें एवढेंच. हवेच्या टायराचें काम त्याहून फार निराळें आहे, तें पुढें दिसेलच. अशा टायराची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्या स्कॉटिश गृहस्थास १८४५ सालीं सुचली व त्यानें तिचें पेटंटहि घेतलें. पण तिचा प्रसार झाला तो बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें १८८८ सालीं ती पुन्हां नव्यानें शोधून काढल्यावर. १९४६ सालीं फ्रान्सांतील मिशेलिन कंपनीनें टायराच्या आंतील दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे घालण्याची रेडिअल पद्धति काढली. इकडे अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या मॉडेल टी गाडीवर मागें उघडा हौदा बसवून ती कारखान्यांतूनच तयार विकावयास काढली. ह्या सुमारास पिक-अप गाडीचा खरा प्रसार सुरू झाला. पिक-अप गाडीच्या मालकास दोन जगांत वावरावें लागतें, अर्धा दिवस सडकेवर व अर्धा दिवस शेतांत किंवा खाणींत. दोहोंकडे चालेल असा रेडिअल टायर अमेरिकेंतील बी. एफ. गुडरिच कंपनीनें १९७६ सालीं विक्रीस आणला, आणि तेव्हांपासून 'ऑल-टेरेन' हें नांव घरोघरीं पोहोंचलें. नांवाचा अर्थ 'सर्व प्रकारच्या भूमीवर चालणारा' असा आहे. तें थोडें फुगविलेलें आहे. 'सर्व भूमींवर बऱ्यापैकीं चालणारा' असें म्हटलें तर अधिक खरें होईल.

आतां मापाकडे वळूं. टायराच्या बाजूवर २६५/६५ आर १७ अशीं अक्षरें उठविलेलीं असतात. पहिला आंकडा टायराची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. दुसरा आंकडा बाजूच्या भिंतीची उंची सांगतो, पण ती मिलिमीटरांत नव्हे, तर रुंदीच्या शेंकडेवारीनें. 'आर' म्हणजे रेडिअल. आणि शेवटचा आंकडा धातूच्या रिमेचा व्यास इंचांत. एकाच ओळींत मिलिमीटर, शेंकडेवारी आणि इंच अशीं तीन मापें एकत्र नांदतात, हा टायरांच्या धंद्यांतील एक मौजेचा प्रकार आहे. पण ह्यामुळेंच विद्यार्थ्यांस एक चांगलें उदाहरण सोडविण्यास मिळतें.

टोयोटा हायलक्स, फोर्ड रेंजर इत्यादि मध्यम आकाराच्या पिक-अप गाड्यांवर हें २६५/६५ आर १७ माप पुष्कळ वर्षें कारखान्यांतूनच येत आलें आहे. त्यांपैकीं हायलक्स २०२२ सालापासून आपल्या देशांतहि विकली जाते. २६५ चे शेंकडा ६५ म्हणजे १७२.२५ मिलिमीटर. अशा दोन भिंती, एक वर व एक खालीं, मिळून ३४४.५ झाल्या. सतरा इंचांचे ४३१.८ मिलिमीटर. एकंदर व्यास ७७६.३ मिलिमीटर आला. ह्याच गाडीवर लोक जीं दोन मोठीं मापें पसंत करतात तीं २६५/७० आर १७ व २८५/७० आर १७ हीं होत. त्यांचा हिशेब असाच केला तर व्यास अनुक्रमें ८०२.८ व ८३०.८ मिलिमीटर येतात. म्हणजे पहिलें माप मूळच्याहून सुमारें शेंकडा साडेतीननें मोठें, आणि दुसरें शेंकडा सातनें.

येथेंच पहिली निराशा भेटते. व्यास साडेचोपन्न मिलिमीटर वाढला म्हणून गाडी तितकी उंच होत नाहीं. कारण आंस चाकाच्या मध्यावर असतो व व्यासाचा अर्धाच भाग त्याच्या खालीं येतो. तेव्हां २८५/७० घातल्यानें गाडीचें पोट सव्वासत्तावीस मिलिमीटर, म्हणजे एक इंचाहून थोडें अधिक वर जातें. आणि २६५/७० घातल्यानें सव्वातेरा मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. ज्या दगडावर मागील आंसाचा गोळा आपटत होता तो दगड अर्ध्या इंचानें चुकेल, ह्याहून अधिक आशा धरूं नये. आंसाचा गोळा वर उचलण्यास मोठ्या चाकावांचून दुसरा उपाय नाहीं हें खरें आहे. पण उपाय खरा असला तरी मात्रा लहान आहे.

उलट, ह्या अर्ध्या-एक इंचासाठीं काय द्यावें लागतें तें पाहूं. चाक ही एक फिरती तरफच होय. इंजिनानें आंसास दिलेला पीळ चाकाच्या त्रिज्येनें भागला म्हणजे जमिनीवर गाडी पुढें ढकलणारें बळ मिळतें. पीळ तोच राहून त्रिज्या शेंकडा सातनें वाढली कीं बळ शेंकडा साडेसहानें कमी होतें. इंजिन तेंच, डिझेल तेंच. पण प्रत्येक गिअर थोडासा वरच्या गिअरासारखा वागूं लागतो. सपाट रस्त्यावर हें जाणवत नाहीं. एक टन भार घालून घाट चढूं लागलें म्हणजे जाणवतें, आणि जेथें पूर्वीं तिसऱ्या गिअरांत गाडी चढत होती तेथें दुसरा टाकावा लागतो.

चढणें निभावतें, उतरण्याकडे अधिक लक्ष दिलें पाहिजे. ब्रेक चाकाच्या मध्याजवळ धरतो, व गाडीचा वेग चाकाच्या कडेवरून त्याशीं झगडतो. कड मध्यापासून लांब गेली कीं ब्रेकास तितकाच परिणाम साधण्यासाठीं अधिक जोर करावा लागतो. शिवाय उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनानेंच गाडी रोखून धरावी अशी जी शहाणी रीत आहे, तीहि त्याच प्रमाणांत दुबळी होते. कारण तरफेचा तोच नियम येथें उलट लागतो. घाटांत ब्रेक तापून वास येऊं लागल्याचा अनुभव ज्यांस आहे त्यांस शेंकडा सहा-सातचा अर्थ फोडून सांगावयास नको.

आणि टायर नुसता मोठा होत नाहीं, जडहि होतो. पिक-अपसाठीं मिळणारे बहुतेक ऑल-टेरेन टायर जाड भिंतींचे, ज्यास 'एल. टी.' म्हणजे हलक्या ट्रकाचे म्हणतात त्या जातीचे असतात. मूळच्या टायराहून असा एकेक टायर पांच-सात किलोग्रॅमनीं जड असणें ही साधारण गोष्ट आहे. हें वजन हौद्यांत ठेविलें असतें तर त्याचें कांहीं वाटलें नसतें. पण चाकाच्या कडेवर बसविलेलें वजन दर वेळीं फिरवून गतींत आणावें लागतें व दर वेळीं ब्रेकानें थांबवावें लागतें, आणि खड्ड्यांतून उसळतांना तें स्प्रिंगांस व शॉक-अब्सॉर्बरांस हिसके देतें.

वेगमापकाची गोष्ट लहान आहे, पण गंमतीची आहे. बिचारें यंत्र चाकाचे फेरे मोजतें. चाक बदललें हें त्यास कोण सांगणार? मूळचें चाक एका किलोमीटरांत सुमारें ४१० फेरे घेतें, तर २८५/७० चें ३८३ च घेतें. म्हणून कांटा ८० दाखवीत असतां गाडी सुमारें ८५ च्या वेगानें धांवत असते. पुष्कळ गाड्यांचा कांटा कारखान्यांतूनच थोडा अधिक वेग दाखविण्यास लावलेला असतो, त्यामुळें ही चूक कांहीं अंशीं झांकली जाते. तरी तिच्यावर विसंबूं नये. दुसरी बाजू अशी कीं अंतराचा आंकडाहि कमी पडतो. खरे १०७ किलोमीटर चालून गाडी १०० च दाखविते. मालक मग डिझेलचा हिशेब मांडून "टायरांनीं माझें मायलेज खाल्लें" अशी तक्रार करतो. कांहीं खाल्लें असतेंच, पण जितकें तो म्हणतो तितकें नव्हे.

आतां त्या भागाकडे येऊं ज्याच्याविषयीं आमचें मत असें आहे कीं तो नीट समजला तर बाकीचें सर्व आपोआप समजतें. तो म्हणजे हवा. धांव चाकाचें रक्षण करते, पण हवेचा टायर वजन पेलतो. आणि तेंहि रबर नव्हे, रबराच्या आंत कोंडलेली हवा पेलते. पंक्चरवाला "किती पौंड भरूं ?" असें विचारतो, त्याचा अर्थ दर चौरस इंचावर किती पौंड दाब, असा होय. बत्तीस पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारें सव्वादोन किलोग्रॅम. रिकाम्या पिक-अप गाडीचें वजन दोन टनांच्या आसपास, म्हणजे एका चाकावर ढोबळ मानानें पांचशें किलोग्रॅम. पांचशेंस सव्वादोननें भागलें कीं २२२ चौरस सेंटिमीटर येतात. टायराचा इतकाच भाग जमिनीस टेंकलेला असतो. दोन पोस्टकार्डें शेजारीं शेजारीं ठेवावीं, त्यांहूनहि तो थोडा लहान. चारी चाकांचा मिळून एक फूट लांब व एक फूट रुंद अशा फरशीएवढा. दोन टनांची गाडी, तींतील माणसें व माल, हें सर्व त्या एका फरशीच्या आधारावर वळतें, चढतें व थांबतें.

हिशेब ढोबळ आहे, कारण टायराच्या भिंतीहि थोडें वजन उचलतात. पण त्यांतून एक आश्चर्याची गोष्ट निघते. ह्या भागाकारांत टायराच्या रुंदीचा आंकडा कोठेंच आलेला नाहीं! वजन तेंच व हवा तीच असेल, तर रुंद टायर घातल्यानें जमिनीस टेंकणारें क्षेत्र फारसें वाढत नाहीं. फक्त त्याचा आकार बदलतो, लांबी कमी होऊन रुंदी वाढते. क्षेत्र वाढवावयाचें असेल तर हवा कमी केली पाहिजे. बत्तीसाचे सोळा पौंड केले कीं तेंच क्षेत्र जवळ जवळ दुप्पट होतें. वाळवंटांत किंवा समुद्रकांठच्या रेतींत गाडी नेणारे जाणते लोक प्रथम उतरून चाकांची हवा सोडतात, ती ह्यासाठीं. मोठ्या व उंच भिंतीच्या टायराचा खरा फायदा येथें आहे: त्याची हवा कमी केली तरी रिम दगडावर आदळण्यास पुरेसें अंतर उरतें. अर्ध्या इंचाच्या उंचीपेक्षां हा लाभ कितीतरी मोलाचा आहे. पण जो मनुष्य हवा सोडीत नाहीं व पुन्हां भरण्याचा पंप बरोबर ठेवीत नाहीं, त्यानें मोठा टायर घेऊन त्याचा अर्धा गुण दुकानांतच सोडला असें म्हणावें लागेल.

हवा कमी केलेल्या टायरावर सडकेनें वेगानें मात्र कधींहि जाऊं नये. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यास अधिक दबतो व सुटतो. ह्या दबण्यानें तो तापतो. आणि फार तापला कीं त्याचे थर एकमेकांपासून सुटूं लागतात. ह्याचा दारुण अनुभव अमेरिकेस आलेला आहे. ९ ऑगस्ट २००० रोजीं ब्रिजस्टोन-फायरस्टोन कंपनीनें सुमारें पासष्ट लक्ष टायर परत बोलाविले. ते फोर्ड कंपनीच्या एक्स्प्लोरर ह्या गाडीवर व तिच्या पिक-अप गाड्यांवर घातले जात, आणि त्यांतील कांहीं ऑल-टेरेन ह्याच जातीचे होते. वेगांत असतां टायराचा वरचा थर सोलून निघे व उंच गाडी कलंडे. अशा अपघातांत अमेरिकेंत अडीचशेंहून अधिक माणसें मरण पावलीं. एका बाजूनें टायरांच्या बनावटीवर दोष आला. दुसऱ्या बाजूनें असें दाखविण्यांत आलें कीं गाडीच्या कारखान्यानें २६ पौंड इतकी कमी हवा सुचविली होती, आणि त्यांतून ओझें व उन्हाळा ह्यांची भर पडली. दोन्ही कंपन्यांनीं परस्परांस दोष दिला व त्यांचा सुमारें पंचाण्णव वर्षांचा संबंध २००१ सालीं तुटला. ह्यानंतर तेथें कायदा होऊन, हवा कमी झाल्यास चालकास सूचना देणारें यंत्र नव्या हलक्या गाड्यांत सक्तीचें झालें. उन्हाळ्यांतील दुपार, भरलेली गाडी, मोकळा रस्ता व कमी हवा, हा योग आपल्या देशांतहि दुर्मिळ नाहीं.

जाड 'एल. टी.' टायर घेणारांनीं येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मापाच्या पुढें ११२ एस असें कांहीं लिहिलेलें असतें. त्यांतील ११२ हा भाराचा संकेत असून त्याचा अर्थ एका टायरानें जास्तींत जास्त ११२० किलोग्रॅम पेलावे; एस म्हणजे ताशीं १८० किलोमीटर ही वेगाची मर्यादा. जाड टायरावर १२१ असा संकेत असला तर तो १४५० किलोग्रॅम पेलतो, आणि दुकानदार ह्या आंकड्याकडे मोठ्या अभिमानानें बोट दाखवितो. तो आंकडा ८० पौंड हवेवरचा आहे, हें मात्र तो सांगावयास विसरतो. साधा टायर ११२० किलोग्रॅम सुमारें ३६ पौंडांवर पेलतो. तोच भार पेलण्यास जाड टायरास साधारण ५० पौंड लागतात. तेव्हां नव्या जाड टायरांत, दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेलाच जुना आंकडा पाहून हवा भरली, तर टायर दिसावयास राकट पण पेलावयास दुबळा, असा प्रकार होतो. टायर बनविणाऱ्या कंपनीचें भार व हवा ह्यांचें कोष्टक दुकानांत मागून पाहावें. तें नाहीं म्हणणारा दुकानदार सोडून दुसरा पाहावा.

नक्षीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. सडकेच्या टायरावर उभ्या अखंड पट्ट्या व अरुंद खांचा असतात. चिखलाच्या, ज्यांस मड-टेरेन म्हणतात त्या टायरांवर मोठे सुटे ठोकळे व त्यांत रुंद मोकळी जागा. ऑल-टेरेन हा ह्या दोहोंमधला होय. ठोकळे मध्यम, खांचा मध्यम, आणि ठोकळ्यांवर पुन्हां बारीक चिरा, ज्या ओल्या सडकेवर पाणी कापतात. नक्षी जितकी मोकळी तितका सडकेवर घूं घूं आवाज अधिक, आणि पावसांत डांबरावर थांबण्यास लागणारें अंतर बहुधा अधिक. कारण मोकळ्या जागेनें डांबर धरतां येत नाहीं. कांहीं टायरांवर तीन शिखरांच्या डोंगरांत हिमाचा स्फटिक अशी खूण असते. हिमावर पकड ठराविक कसोटीस उतरली असा तिचा अर्थ. हिमालयांत किंवा कॅनडांत राहणाऱ्यानें ती पाहावी; सोलापूरकरानें तिच्यासाठीं पैसे मोजूं नयेत.

ज्या त्या मुलखाची माती निराळी. कोंकणांत जांभ्याच्या रस्त्यावर व देशावर फोडलेल्या काळ्या दगडाच्या खडीवर ऑल-टेरेन टायर उत्तम. त्याच्या जाड भिंती धारदार दगडानें सहसा कापल्या जात नाहींत, आणि आमच्या मतें आपल्या भागांत त्याचा सर्वांत मोठा गुण हाच. पण काळ्या रानांतील चिकण मातीपुढें त्याची मात्रा चालत नाहीं. दोन वेढ्यांत सर्व खांचा मातीनें भरून जातात, आणि मग महागडा टायर व गोटा झालेला जुना टायर ह्यांत भेद राहत नाहीं. तेथें वाफसा येईपर्यंत गाडी बांधावरच उभी करावी हें शेतकऱ्याचें शहाणपण कोणत्याहि टायराहून श्रेष्ठ आहे.

टायर गाडींत बसतो कीं नाहीं, हें पाहतांना लोक चाकें सरळ असतां पाहतात. स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण वळवून, गाडी मागें घेत असतां व एक चाक खड्ड्यांत असतांना पाहावें. कारण घासावयाचें तें तेव्हां घासतें. २६५/७० आर १७ पुष्कळ गाड्यांत कांहीं कापाकापी न करितां बसतो. २८५/७० बहुधा मडगार्डाच्या आंतील प्लॅस्टिकास किंवा मागील चिखलपट्टीस लागतो, आणि मूळच्या साडेसात इंच रुंद रिमेवर तो अगदीं सीमेवरचा आहे. मग नवीन रिमा, उंच स्प्रिंगा, असा खर्चास खर्च लागत जातो. शिवाय स्टेपनी! चार मोठे टायर घेऊन पांचवा जुना ठेवणें ही काटकसर नव्हे. चारी चाकांस शक्ति देणाऱ्या गाडींत एक चाक लहान असलें तर तें इतरांहून अधिक फेरे घेतें. चारी चाकें जोडून गाडी कोरड्या सडकेवर चालविली, तर पुढचा आंस मागच्याशीं भांडूं लागतो व गिअरपेटीवर ताण येतो. चाकांची गति मोजून ब्रेक आवरणारीं जीं यंत्रें हल्लींच्या गाड्यांत असतात, तींहि अशा विषम चाकांनीं गोंधळतात. पांच घेण्याची ऐपत नसेल तर मोठें माप घेऊंच नये. आणि पांचवा घेतला, तरी हौद्याखालीं जेथें स्टेपनी टांगतात तेथें तो मावतो कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं पाहावें.

कायद्याविषयीं दोन शब्द. मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीच्या दाखल्यांतील मूळ तपशीलाशीं विसंगत होईल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हें कलम ह्याच कडक अर्थानें वाचलें. म्हणून, ज्या मापाचा टायर कारखानदार त्याच गाडीच्या एखाद्या प्रकारावर स्वतः घालतो, तें माप निवडणें सर्वांत निर्धोक. त्याबाहेर जावयाचें असेल तर परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत आधीं विचारावें, अपघातानंतर नव्हे. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरांहून कमी झालेला टायर अशा गाड्यांस नियमानें चालत नाहीं, मग तो कोणत्याहि मापाचा असो.

मग घ्यावें काय ? ज्याची गाडी शंभरांतील नव्वद किलोमीटर डांबरावर चालते, त्यानें मूळच्याच मापांत चांगला ऑल-टेरेन टायर घ्यावा. जाड भिंत, दगडावरची पकड व टिकाऊपणा हे गुण त्यांत सर्व आले. ब्रेक, गिअर व कांटा जसेच्या तसे राहिले. ज्यास खरोखरच रोज खाणींत, जंगलांत किंवा नदीच्या पात्रांत जावें लागतें त्यानें एक पायरी वर, २६५/७० सारखें माप घ्यावें, आणि हवेचा मापक व पंप गाडींत ठेवावा. त्याहून मोठें माप हें आमच्या मतें खेळाचें काम. ज्यास तो खेळ परवडतो व जो त्याप्रमाणें ब्रेक, गिअर व स्प्रिंगा ह्यांचाहि विचार करतो, त्यास आम्ही नको म्हणत नाहीं. ओझें वाहून पोट भरणाऱ्या गाडीनें त्या वाटेस जाऊं नये.

विकत घेतांना टायराच्या बाजूवरील लांबट चौकटींत चार आंकडे शोधावे. २३२४ असें असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. रबर फळीवर पडून राहिलें तरी म्हातारें होतें, म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वींचा माल नव्याच्या भावानें घेऊं नये. आणि पांचहि टायरांवरील आंकडे स्वतः वांकून वाचावे, एकच वाचून समाधान मानूं नये. टायर बसविल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी. चाकाचे नट शंभरएक किलोमीटरांनंतर पान्यानें पुन्हां आवळून पाहावे, कारण नव्यानें बसविलेलें चाक थोडें सैल पडण्याचा संभव असतो. आणि हवा मोजावयाची ती सकाळीं, गाडी जागची हलविण्यापूर्वीं. धांवून तापलेल्या टायरांत मापक तीन-चार पौंड अधिक दाखवितो, आणि तेवढ्या पौंडांची हवा मालक पुरेशी आहे असें समजून भरावयाची राहून जाते.